दारावरची बेल (विजेची) : बिघाड व तपासणी

बाहेरचे बटण, घरातली बेल आणि त्यांना जोडणारी वायर अशी ही तीन भागांची साधी जोडणी आहे. भारतात ती बहुतेक घरांत थेट २३० व्होल्टवर चालते. फेज बटणातून बेलकडे जाते, न्यूट्रल सरळ बेलला मिळते. ‘डिंग-डाँग’ प्रकारात बटण दाबताच कॉइलमध्ये चुंबकत्व येऊन आतला लोखंडी दांडा एका पट्टीवर आपटतो. बटण सोडले की स्प्रिंग त्याला मागे फेकते आणि दुसरी पट्टी वाजते. बेल वाजेनाशी झाली की ती सरसकट बदलली जाते. परंतु तपास बटणापासून सुरू करणेच योग्य, कारण सतत दाबला जाणारा आणि ऊन-पाऊस सोसणारा भाग तोच असतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत बटणातील पितळी पत्तीवर हिरवट थर चढतो आणि संपर्क तुटतो.

आवाजावरूनही दोषाची जागा कळते. फक्त ‘डिंग’ होऊन पुढे घूं-घूं चालू राहिली, तर बटण बहुधा आत अडकलेले असते. बटण दाबल्यावर केवळ घूं-घूं आली, तर वीज पोहोचते आहे, पण दांडा धुळीने जाम आहे. काहीच आवाज नसेल तर बटण, वायर, कॉइल यांपैकी कुठेतरी जोडणी तुटलेली असते. येथे टेस्टरवर पूर्ण विसंबू नये: न्यूट्रल तुटलेली असली तरी बटण दाबताच कॉइलमार्गे बेलच्या दोन्ही टोकांवर टेस्टर पेटतो, आणि वीज आहे म्हणून बेललाच दोष दिला जातो.

नवी बेल स्वस्त मिळते, मग एवढी खटपट कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण अडकलेले बटण तसेच राहिले तर नव्या बेलची कॉइलही तापून जळते आणि तुटलेल्या वायरवर नवी बेलही मुकीच राहते. बटणाच्या दोन वायर एकमेकींना टेकवून पाहण्याचा सोपा उपायही सुचवला जातो. अमेरिकेत बेलसाठी साधारण १६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो. तो उपाय तिथला आहे. २३० व्होल्टवर तो जिवावर बेतू शकतो. बटण उघडण्यापूर्वी एमसीबी खाली करावा. बेल इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर मेन बंद करूनही बटणात वीज राहते, म्हणून तीही लाइन बंद करावी. मग चालू सॉकेटवर पारखून घेतलेला टेस्टर दोन्ही वायरना लावून खात्री करावी. एवढे केल्यावर पत्ती साफ करणे किंवा बटण बदलणे घरी जमते. भिंतीतली वायर तुटलेली असल्यास मात्र परवानाधारक वायरमनलाच बोलवावे.