राईस कुकरचा 'टक्' : थांबायचं कधी, हे भांड्याला कुणी शिकवलं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की ओट्यावर ठेवायच्या विजेच्या उपकरणांपैकी तुझं सगळ्यात आवडतं कुठलं? एअर फ्रायर? इंडक्शन? तर माझं उत्तर एकदम साधं आहे. एकच खटका असलेला, ॲपबिप नसलेला राईस कुकर. आमच्या फ्लॅटवर चौघांपैकी दोघे आंध्रचे, त्यामुळे तो घरात आला. नाहीतर आपण मराठी माणसं शिट्ट्या मोजणारी! पण त्याच्या त्या 'टक्' आवाजामागची गोष्ट कळली आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो.

आधी थोडं गणित, कारण वीज वाचते कुठे ते त्याशिवाय कळत नाही. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.०९ यूनिट लागतं. आणि तेच एक लिटर उकळून पूर्ण वाफ करायची असेल तर? आणखी ०.६३ यूनिट. म्हणजे सातपट! आता गंमत बघा. पाणी उकळायला लागलं की तुम्ही आच कितीही वाढवा, उघड्या भांड्यात ते १०० अंशांच्या वर जातच नाही. भात लवकर शिजत नाही, नुसती वाफ जास्त होते. म्हणजे स्वयंपाकात ऊर्जा वाचवायची असेल तर प्रश्न 'किती तापवू' हा नाहीच. प्रश्न आहे, 'थांबू कधी?'

चुलीवर याचं उत्तर माणूस देतो. खरं तर बाई देते. उकळी आली की जाळ कमी करायचा, पाणी आटलं की निखारे मागे ओढायचे, झाकण ठेवून भाताला वाफ येऊ द्यायची. आपल्या कोकणातल्या आजीला हे जसं येतं, तसंच जपानमधल्या आजीलाही यायचं. तिथल्या मातीच्या चुलीला 'कामादो' म्हणतात. तिथेही भात हेच मुख्य अन्न, त्यामुळे पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चुलीपुढे बसणं हे सुनेच्या नशिबी ठरलेलं.

हे काम यंत्राकडे देण्याचे प्रयत्न बरेच झाले. आपल्याकडचाच एक मला फार आवडतो. १९१० साली कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' बनवला. एक उभा डबा, त्यात जेवणाच्या डब्यासारखी एकावर एक भांडी, खाली कोळशाची छोटी शेगडी. भात, डाळ, भाजी सगळं वाफेवर. सकाळी पेटवून कामाला निघून जायचं. मग तो थांबायचा कसा? कोळसा संपला की! इंधन मोजूनच घालायचं, तेच त्याचं घड्याळ. एक नंबर डोकं. पण अंदाज चुकला तर ते सुधारायला घरी कुणी नाही.

जपानमध्ये युद्ध संपल्या संपल्या, १९४५ मध्ये, मासारू इबुका नावाच्या इंजिनिअरनेही विजेवर भात करून बघितला. लाकडी टबाच्या तळाशी ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रोड, बस्स. भात कधी कच्चा, कधी गिच्च गोळा. तांदूळ बदलला, पाणी थोडं बदललं की निकाल बदलला. ते उत्पादन काही विकलं गेलं नाही. पुढे त्याच कंपनीचं नाव 'सोनी' झालं, म्हणजे इबुकासाहेबांचं तसं बरंच चाललं म्हणायचं!

आता आपण मूळ गोष्टीकडे येऊ. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तोशिबाचे शोगो यामादा वॉशिंग मशीनचा प्रचार करत फिरत होते. त्यांना बायकांकडून कळलं, की कपड्यांपेक्षाही त्रासाचं काम म्हणजे रोज तीन-तीन वेळा चुलीवर भात लावणं. योशितादा मिनामी नावाचे एक छोटे कारखानदार तेव्हा तोशिबाकडे काम मागत होते. यामादांनी त्यांना सांगितलं, आपोआप भात करणारं भांडं बनवा.

मिनामींना यंत्रं कळायची, भात कळत नव्हता. मग हे काम गेलं त्यांच्या पत्नीकडे, फुमिको मिनामींकडे. आणि त्यांनी जे केलं ते आमच्या भाषेत सांगायचं तर शुद्ध टेस्टिंग होतं. आधी जुन्या चुलीवर भात लावून तापमान नोंदवत गेल्या. मग विजेच्या नमुन्यांवर तेच. तांदूळ तोच, पाणी तेच, पण बाहेरची हवा बदलली तर? म्हणून थंडीत उघड्यावर, उन्हाळ्यात उन्हात. रोज, पुन्हा पुन्हा, जवळपास तीन वर्षं. घर आणि मुलं सांभाळून. त्यातून जे हाती आलं ते दोन ओळींत मावतं: उकळी आल्यानंतर साधारण २० मिनिटं ते तापमान टिकवा आणि मग थांबा. भात होतो.

दोन ओळी, पण त्यासाठी तीन वर्षं. या सगळ्यात त्यांची तब्येत ढासळली, आणि कुकर बाजारात आल्यावर काही वर्षांतच त्या गेल्या. उत्पादनावर नाव कंपनीचं. इतिहासात आधी नाव येतं नवऱ्याचं किंवा यामादांचं. मला विचाराल तर राईस कुकरचा अल्गोरिदम फुमिकोंचा आहे, बाकीच्यांनी तो धातूत उतरवला.

उतरवला कसा, तेही भारी आहे. २० मिनिटं मोजायची, पण घड्याळ तर बसवायचं नाही. मग भांड्यात भांडं ठेवलं. आतल्या भांड्यात तांदूळ, बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी. ते पाणी उडून जायला साधारण २० मिनिटं लागतात. पाणी आहे तोवर तापमान १०० च्या आसपास अडकून राहतं. पाणी संपलं की ते झपकन वर चढतं, दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि वीज बंद. थंड हवेत गणित बिघडू नये म्हणून सगळ्यात बाहेर आणखी एक कवच, मधे हवा. डिसेंबर १९५५ मध्ये हा कुकर ३,२०० येनला विक्रीला आला. नोकरीला नुकत्याच लागलेल्या पदवीधराच्या महिन्याच्या पगाराचा साधारण तिसरा हिस्सा! दुकानदारांना खात्री नव्हती, म्हणून यामादा गावोगाव फिरून लोकांसमोर भात लावून दाखवायचे. तरी चार-पाच वर्षांत जपानमधल्या जवळपास निम्म्या घरांत कुकर पोचला.

आता इंजिनिअर म्हणून एक खोड काढतोच. त्या पेलाभर पाण्याची वाफ करायला ०.११ यूनिटच्या आसपास जात होतं. तेवढ्या विजेत सव्वा लिटर पाणी उकळीला आलं असतं! म्हणजे वीज कधी बंद करायची हे कळावं म्हणून दरवेळी एवढी वीज हवेत. नंतरच्या कुकरांनी बाहेरचं पाणीच काढून टाकलं. एकच भांडं, आणि तळाला स्प्रिंगवर बसवलेला एक चुंबक. भातातलं पाणी आहे तोवर तळ १०० च्या आसपास राहतो. सगळं पाणी तांदळात जिरलं की तळ तापतो, आणि १०० च्या थोडं वर गेल्यावर चुंबकाची ओढच जाते. स्प्रिंग सुटते. टक्! ना चिप, ना कोड. घड्याळाचं काम आता भातातलंच पाणी करतं. तुमच्या साध्या कुकरमध्ये बहुतेक हेच आहे.

मात्सुशिताचे कुकर हाँगकाँगला गेले तेव्हा तिथले विक्रेते विल्यम माँग यांनी झाकणात काचेची छोटी खिडकी मागून घेतली. भातावर सॉसेज नेमकी कधी ठेवायची, ते झाकण न उघडता दिसावं म्हणून. झाकण उघडलं की वाफ गेली, हे जगातल्या सगळ्या आयांना ठाऊक आहे.

मग १९७० च्या दशकात भात शिजवणं आणि गरम ठेवणं एकाच भांड्यात आलं, आणि इथे मला जरा वाईट वाटतं. इतक्या कष्टाने थांबायला शिकवलेलं भांडं आता थांबतच नाही. समजा तुमच्या कुकरचा 'वॉर्म'चा दिवा लागलाय आणि तो ४० वॉट खातोय. रात्री ९ ला भात झाला, सकाळी ९ ला प्लग काढला. १२ तासांचं जवळपास अर्धं यूनिट! एवढ्यात आणखी एक-दोनदा भात झाला असता. आमच्याकडे आता नियमच आहे. 'टक्' झालं की दहा मिनिटं झाकण बंद ठेवून वाफ जिरू द्यायची, मग बटण खालून नाही, थेट भिंतीवरून बंद. उरलेला भात फ्रिजमध्ये, सकाळी फोडणीचा भात.