निफाडचे रानडे आणि प्रार्थना समाज

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (जन्म : निफाड, जि. नाशिक, १८ जानेवारी १८४२). ही टीप ज्या मजकुरावर आहे त्याच्या मूळ लेखकाने प्रार्थना समाजाला ‘ब्राह्मो समाजाची मुंबई शाखा’ म्हटले आहे. ते मान्य करता येत नाही. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन १८६४ मध्ये मुंबईस आले, त्यांच्या व्याख्यानांनी चालना मिळाली, हे खरे. पण डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने ३१ मार्च १८६७ रोजी स्थापन झालेल्या या समाजाने आपली मुळे इथल्याच मातीत शोधली. मूर्तिपूजा नाकारली, एकेश्वरी उपासना पत्करली, आणि त्या उपासनेत तुकोबांचे अभंग म्हटले. या समाजातल्या रानड्यांना यात विसंगती वाटली नाही. बुद्धीला पटणारा धर्म हृदयालाही भिजवणारा हवा, ही त्यांची तळमळ होती. ते स्वतः अभंगांत किती रमून जात, हे त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत वाचावे. संतांची चळवळ त्यांना युरोपातील धर्मसुधारणेच्या तोडीची वाटे.

उणीव होती ती वेगळीच. अभंग वारकऱ्यांचे, पण उपासनेला बसणारे बहुतेक पदवीधर, वकील, प्राध्यापक. ही दरी विठ्ठल रामजी शिंदे यांना सर्वाधिक बोचली. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माचा अभ्यास करून ते १९०३ मध्ये परतले, समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यवर्गासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. प्रस्तुत संपादकाच्या मते रानड्यांच्या धर्मचिंतनाची खरी पुढची पायरी हीच.