मेनोरा, धर्मचक्र आणि मलिद्याचे ताट

आपल्या समाजातील बहुतेक घरांत जुनी कागदपत्रे एका पुडक्यात बांधून जपून ठेवलेली असतात. त्यांत भारताचा पासपोर्ट असतो, त्यावर सिंहांची मुद्रा. आणि इस्राएलचे ओळखपत्र असते, त्यावर सात फांद्यांची मेनोरा. या दोन्ही मुद्रा आपण इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्या कोठून आल्या, कोणी निवडल्या आणि का निवडल्या, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. दोन्ही राष्ट्रांनी स्वातंत्र्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत आपापली चिन्हे ठरविली आणि दोन्ही राष्ट्रांनी ती पुरातन दगडांवरून घेतली. हा इतिहास बेने इस्राएल वाचकांना माहीत असावा, कारण त्यातून आपल्या स्वतःच्या एका चिन्हाविषयीही काही बोध होतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम भारताकडे पाहू. २२ जुलै १९४७ रोजी भारताच्या संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. स्वातंत्र्यलढ्यातील तिरंग्यावर चरखा होता. त्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र आले. हे चक्र सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शिरोभागावर कोरलेले आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील तो सिंहशीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात सापडला. पाठीला पाठ लावून बसलेल्या चार सिंहांपैकी तीनच चित्रात दिसतात. २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे भारत प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी, हा शिरोभाग राजमुद्रा म्हणून स्वीकारण्यात आला आणि त्याखालील बोधवाक्य मुंडकोपनिषदातून घेतले गेले. बौद्ध सम्राटाचा स्तंभ आणि उपनिषदातील वचन एकाच मुद्रेत आले, आणि त्या मुद्रेखाली हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी व आपण यहुदी सारेच समान नागरिक झालो.

आता आपल्या या देशाकडे येऊ. १४ मे १९४८ रोजी राज्याची घोषणा झाली. परंतु ध्वजाचा निर्णय होण्यास २८ ऑक्टोबर उजाडला. शुभ्र वस्त्रावर दोन निळे पट्टे आणि मध्ये मागेन दावीद, हा ध्वज झायोनी चळवळीचा होता. १८९७ साली बाझल येथे पहिली झायोनी परिषद भरली, तेव्हा ध्वजासाठी काय घ्यावे असा प्रश्न पडला असता, आपला ध्वज तल्लीथच्या रूपाने आपल्यापाशी आहेच, असा विचार दावीद वोल्फसोन यांनी मांडला. प्रार्थनेचे वस्त्र राष्ट्राचे निशाण झाले. तरीही १९४८ मध्ये काहींच्या मनात संकोच होता. हाच ध्वज राज्याचा झाला, तर परदेशांतील यहुद्यांवर दुहेरी निष्ठेचा आरोप येईल, अशी भीती होती. अखेरीस जनतेने ज्याला आधीच आपले मानले होते, तोच ध्वज कायम झाला.

मागेन दावीदची षट्कोनी चांदणी फार प्राचीन काळी केवळ यहुद्यांचीच होती असे नाही. अनेक लोकांच्या नक्षीकामात ती आढळते. मध्ययुगानंतर हळूहळू ती आपली खूण बनली. १९४१ मध्ये नाझींनी जर्मनीतील यहुद्यांना पिवळ्या कापडावर हीच चांदणी छातीवर शिवण्याची सक्ती केली. सात वर्षांनी ती स्वतंत्र राष्ट्राच्या ध्वजावर मधोमध आली.

मेनोरेची कथा याहून जुनी आहे. तिची घडण तोराच्या निर्गम पुस्तकात तपशीलवार सांगितली आहे आणि तिच्यासाठी कुटून काढलेले शुद्ध जैतुनाचे तेल आणावे, अशी आज्ञा त्याच पुस्तकात आहे. हश्मोनी घराण्याचा शेवटचा राजा मत्तिथ्याह अंतिगोनस याच्या नाण्यावर मेनोरा कोरलेली आढळते. इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती तीतस याने यरुशलेम जिंकून बेथ हामिकदाशचा विध्वंस केला. त्या विजयाच्या स्मरणार्थ रोममध्ये कमान उभारली गेली. तिच्या आतील भिंतीवर लुटीची मिरवणूक कोरलेली आहे आणि त्या मिरवणुकीत खांद्यांवर वाहून नेली जाणारी मेनोरा स्पष्ट दिसते.

राज्याच्या मुद्रेसाठी स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा १६४ जणांकडून ४५० आराखडे आले. शेवटी गाब्रिएल व मॅक्सिम शामीर या बंधूंचा आराखडा पुढे आला. त्यांनी प्रथम आधुनिक वळणाची मेनोरा काढली होती. पण समितीने तीतसच्या कमानीवरील मेनोराच हवी, असा आग्रह धरला. दोन्ही बाजूंच्या जैतुनाच्या फांद्या संदेष्टा जखऱ्या याच्या दर्शनाची आठवण देतात. त्याला सोन्याची मेनोरा आणि तिच्या दोन्ही अंगांस जैतुनाची दोन झाडे दिसली होती. १० फेब्रुवारी १९४९ रोजी ही मुद्रा मान्य झाली. मुख्य रब्बी यित्सहाक हलेवी हेरझोग यांनी मात्र हरकत घेतली. कमानीवरील मेनोरेच्या बैठकीवर राक्षसी जलचरांची चित्रे आहेत आणि आपल्या परंपरेप्रमाणे मेनोरेला तीन पाय होते. तेव्हा ही बैठक परकीय हातची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विद्वत्तेच्या दृष्टीने या आक्षेपात वजन होते. तरीही राज्याने कमानीवरचीच मेनोरा ठेवली, कारण जी लूट म्हणून नेली, ती आता घरी परत आली, हे जगाला सांगावयाचे होते. रोमच्या यहुद्यांनीही हेच केले. शतकानुशतके त्या कमानीखालून जाण्याचे टाळणारे हे लोक, राष्ट्रसंघाने पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केल्यावर, डिसेंबर १९४७ मध्ये तेथे जमले आणि विजयी सेनेच्या उलट दिशेने तिच्याखालून चालत गेले.

यावरून दिसते की चिन्ह कोणी कोरले यापेक्षा ते कोण जपतो आणि त्याला कोणता अर्थ देतो, याचे महत्त्व अधिक आहे. आपल्या समाजाचा इतिहासही हेच सांगतो.

अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर तारू फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरा. त्यांचे वंशज कोकणच्या गावोगावी पसरले आणि तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद राही, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. हे नाव आपण स्वतः घेतलेले नव्हते, आणि त्यात मानही फारसा नव्हता. परंतु ग्रंथ गेले, इब्रीचे ज्ञान मावळले, तरी आपण कोण होतो याची साक्ष त्याच नावाने दिली. सुंता, शब्बाथ, शेमाचे शब्द, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नेम आणि सण एवढेच आपल्यापाशी उरले होते. सणांना नावेही मराठी होती: खिरीचा सण, दारफाळणीचा सण, अनशी ढाकण्याचा सण. आपले घाणे तीळ-खोबऱ्याचे, जैतुनाचे नव्हेत. आणि आपल्या मशिदींतील काचेच्या दिव्यांत खोबरेल जळे. मुद्रेवरील जैतुनाच्या फांद्या पाहताना तेल गाळणाऱ्या या पूर्वजांची आठवण व्हावी, यात वावगे काही नाही.

आणि आपले मलिद्याचे ताट? भिजविलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेला नारळ, वेलची, सुका मेवा, भोवती फळे, सुवासिक पाला आणि फुले. लग्नापूर्वी, सुंतेच्या वेळी, नवस फेडताना, मोठ्या प्रवासाआधी व नंतर आपण एलियाहू हानाबीचे स्मरण करून हे ताट मांडतो. झाडाचे फळ, भूमीचे फळ, सुगंध अशा प्रत्येकावर इब्री आशीर्वाद म्हटला जातो. अलिबागजवळ खंडाळे येथे 'एलियाहू हानाबीचा टापा' म्हणून एक खडक दाखवितात. तेथूनच त्यांचा रथ स्वर्गी गेला, अशी श्रद्धा आहे. 'मलिदा' हा शब्द फारसीतून आलेला आहे आणि कोकणातील मुसलमान शेजाऱ्यांच्या घरीही तो चालतो. म्हणून मलिदा परका ठरत नाही. मेनोरेची बैठक रोमन हाताची असूनही ती इस्राएलची मुद्रा झाली. त्याच न्यायाने शब्द शेजाऱ्याचा आणि आशीर्वाद आपला, असे हे ताट बेने इस्राएलांचे आहे.

हे सांगण्याचे कारण आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत या देशात आपल्या विवाहांविषयी शंका काढल्या गेल्या. इतक्या शतकांत घटस्फोट व हलिझा यांचे नियम आपण पाळले होते काय, असा प्रश्न होता. आपल्या लोकांनी सत्याग्रह केला, मुलाबाळांसह उघड्यावर बसले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठरावाने आपले समान स्थान मान्य केले. त्या काळात अनेक घरांना असे वाटले की साडी, मंगळसूत्र, मराठी गाणी, मलिदा हे सारे मागे टाकले तरच आपण पुरते इस्राएली ठरू. ही समजूत चुकीची होती. ज्या चालीरीतींनी आपल्याला शतकानुशतके यहुदी ठेवले, त्याच आपल्या यहुदीपणाला अडचण ठरणार कशा?

आज लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बेरशेबा येथील आपल्या घरांत तिसरी-चौथी पिढी वाढत आहे. मेंदीच्या रात्री मलिदा होतो, पण अनेक मुलांना तो केवळ गोड पदार्थ वाटतो. राज्याच्या मुद्रेचा अर्थ त्यांना शाळेत शिकविला जातो. या ताटाचा अर्थ घरीच सांगावा लागेल. प्रत्येक घराण्याची रीत थोडी निराळी असते: कोणती फळे, कोणता क्रम, कोणते गाणे. वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की त्यांनी आपल्या गावची रीत मराठीत लिहून काढावी, शेजारी नातवंडांकडून तिचे इब्री करून घ्यावे, आणि तो कागद जुन्या कागदपत्रांच्या त्याच पुडक्यात ठेवावा.