मूठ पिळली, गाडी विचारात

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि उरणचा रस्ता ट्रेलरवाल्यांचा झाला. तिथे ओव्हरटेक करताना मूठ पिळावी आणि जुन्या टूरिंग बाईकने क्षणभर विचार करावा, हे जिवावर बेतू शकतं.

खाऱ्या हवेत आधी अ‍ॅक्सिलरेटर केबलचा गंज बघायचा. पण केबल बदलूनही तेच असेल तर?

तर शंभरेक वर्षं मागे जाऊ. लंडनच्या स्किनर बंधूंनी (घरचा धंदा बुटांचा!) एक कार्बोरेटर बनवला आणि १९१० साली एसयू कंपनी काढली. त्यात पेट्रोलची सुई तुमची मूठ उचलत नाही, इंजिनाचा व्हॅक्यूम उचलतो. त्यासाठी सुरुवातीला त्यांनी चक्क चामड्याचा भाता वापरला होता.

आपल्या आरएक्स १०० मध्ये मूठ थेट स्लाईडच ओढते, म्हणून ती तशी पळायची. पल्सर २२० ची गंमत वेगळी. २००७ मध्ये बजाजने ती फ्युएल इंजेक्शनसह आणली आणि २००९ मध्ये परत कार्बोरेटरवर नेली. स्वस्त पडली, लोकांनी धडाधड घेतली. आत स्किनरांचीच युक्ती, फक्त भात्याऐवजी पातळ रबरी पडदा.

हाच पडदा वयानुसार कडक होतो, चिरतो. मग व्हॅक्यूम गळतो आणि स्लाईड उशिरा उठते. कार्बोरेटरचं वरचं झाकण काढा, पडदा उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोकसुद्धा दिसतं. ‘इंजिन दमलंय, खोलावं लागेल’ म्हणणाऱ्याला आधी एवढं करायला लावाच.

२०२० च्या बीएस-६ नंतर नव्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या. तेव्हा पडदा मिळाला तर दोन घेऊन ठेवा.