बाईंचा भाऊ आणि माझा धाकटा



पर्युषणात स्थानकात भेटलेल्या कितीजणींनी विचारलं, "जुलैत धाकट्याला नेमकं काय झालं होतं गं?" उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज लिहिते. नुसतं आमच्या घरापुरतं सांगून भागणार नाही. त्यानंतर मी या आजाराचा इतिहास वाचत गेले आणि त्यातला बराचसा भाग आपल्याच लोणावळा-पुणे रस्त्यावर घडलेला निघाला.

तो रविवार होता. बाहेर धो धो पाऊस आणि भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. धाकटा दोन वर्षांचा. सकाळी ताप आला, दुपारी दोन उलट्या झाल्या. पावसाळ्यात लोणावळ्यात कुठल्या घरात ताप नसतो? तापाचं औषध दिलं. संध्याकाळी सूर्यास्ताआधी मुगाचं पाणी भरवायला मांडीवर घेतलं, तर मान जरा पुढे झाली की किंचाळायचा. दिवा लावला की डोळे गच्च मिटायचा. आणि मग आकडी आली.

जवळच्या डॉक्टरांनी त्याला उताणं झोपवलं, डोक्याखाली हात घालून मान उचलली. मान ताठ, आणि त्याचे गुडघे आपोआप दुमडले. ते म्हणाले, "मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. मेनिंजायटिस. आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या."

१०८ची गाडी आली, पण परतणाऱ्या पर्यटकांच्या गर्दीत कार्ला फाट्यापर्यंत पोचायलाच पाऊण तास गेला. मी नवकार म्हणत होते आणि दर दोन मिनिटांनी त्याच्या छातीवर हात ठेवून बघत होते.

पुण्यात पोचताच त्याला सलाईन लावलं, रक्त घेतलं. मग डॉक्टर कागद घेऊन आले. पाठीतलं पाणी काढून तपासायचं, सही करा. माझा हात तिथेच थांबला. "पाठीत सुई घातली की पोर लुळं पडतं" हे लहानपणापासून ऐकलेलं. यजमान माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी घरी फोन लावला आणि बाईंना विचारलं. बाई म्हणजे माझ्या आजेसासूबाई, ऐंशीच्या पुढच्या.

बाई थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावाची मान अशीच मागे गेली होती. सगळे म्हणाले, बाहेरचं आहे. पोटावर डाग दिला. तिसऱ्या दिवशी गेला. सुई टोचणारं कुणी नव्हतं गं आमच्याकडे. तू सही कर."

मी सही केली.

बाईंचं माहेर नाणे मावळातलं. भाऊ गेला तो १९५३चा पावसाळा. त्या काळी अशा आजाराला घरोघरी वेगवेगळी नावं होती. कुणी आकडी म्हणे, कुणी सटवाईचा कोप, कुणी बाहेरची बाधा. म्हणून बिब्बा, डाग, अंगारा. आज त्याला हसणं सोपं आहे. पण ज्या आईच्या हाताशी दुसरं काहीच नव्हतं, तिने डागसुद्धा मायेपोटीच दिला, हे विसरू नये.

आणि हे अज्ञान काही मावळातच होतं असं नाही. या आजाराच्या साथीचं पहिलं नीट वर्णन १८०५मध्ये जिनिव्हातल्या व्हियूसो नावाच्या डॉक्टरने केलं. पण आजार ओळखता आला तरी उपाय नव्हता. १८९१मध्ये जर्मनीतल्या क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाणी काढायची पद्धत वर्णन केली. मान उचलल्यावर गुडघे दुमडण्याची खूण पोलंडच्या ब्रुडझिन्स्की यांनी १९०९मध्ये नोंदवली. म्हणजे लोणावळ्यात माझ्या लेकरावर जी परीक्षा झाली ती शंभर वर्षांहून जुनी होती.

त्या सुईबद्दल मी नंतर डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या जागेत ती घालतात, म्हणून रज्जूला इजा होण्याची भीती नसते. निरोगी माणसाचं हे पाणी आपल्या गाळलेल्या पाण्यासारखं नितळ असतं. जिवाणूंनी सूज आणली असेल तर बहुधा गढूळ होतं, त्यातली साखर घटते, पांढऱ्या पेशी वाढतात. कोणतं औषध द्यायचं आणि किती दिवस, ते त्यावरून ठरतं. मात्र औषध अहवालासाठी थांबत नाही. आमच्या धाकट्याला पहिलं इंजेक्शन त्याच रात्री दिलं होतं.

औषधं यायच्या आधी जिवाणूंच्या मेनिंजायटिसमधून फारच थोडी मुलं वाचत, आणि क्षयाचा असेल तर जवळजवळ कुणीच नाही. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन आलं तेव्हा चित्र पालटलं. पण शोध लागणं वेगळं आणि कामशेतच्या आतल्या गावातल्या पोरापर्यंत औषध पोचणं वेगळं.

आता बघा हं. आपली लोकल पिंपरीला थांबते. त्या पिंपरीत १९५४मध्ये सरकारने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची तिला मदत होती. १९५५मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. बाईंचा भाऊ गेल्यावर दोन वर्षांनी, त्यांच्या माहेरापासून दोन-अडीच तासांवर. हे मी बाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "थोडक्यात चुकलं म्हणायचं," आणि माळ हातात घेऊन आत गेल्या.

तोच रस्ता पुढे पुण्यात जातो. तिथे १९५२पासून विषाणूंवर काम करणारी संस्था आहे, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९६५मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तिच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला, त्याला गावाचंच नाव मिळालं. २००३मध्ये आंध्र आणि विदर्भात लहान मुलं मेंदूज्वराने पटापट दगावू लागली, तेव्हा त्यामागे हाच चांदीपुरा असल्याचं याच संस्थेने दाखवलं.

आणि हडपसर! तिथल्या सिरम इन्स्टिट्यूटची गोष्ट मला सगळ्यात जास्त भावली. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत जो पट्टा आहे त्याला मेनिंजायटिसचा पट्टाच म्हणतात. १९९६-९७च्या साथीत तिथे २५,०००हून अधिक माणसं गेली. महाग लस त्या देशांना परवडणारी नव्हती. मग हडपसरमध्ये अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची लस तयार झाली आणि डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासो देशात ती द्यायला सुरुवात झाली. ज्या 'ए' प्रकारच्या जंतूने तिथे साथी येत, तो त्या पट्ट्यातून जवळपास नाहीसा झाला. कुठल्या तरी अनोळखी आईचं बाळ आपल्या जिल्ह्यात बनलेल्या लशीने वाचलं. याहून मोठं अभयदान कोणतं?

आपल्या मुलांसाठीही सरकारी लसीकरणात हिबची लस पंचगुणीमधून येते आणि २०२१पासून न्यूमोकॉकसची लसही देशभर मिळते. दोन्ही मेनिंजायटिसच्या मुख्य जंतूंविरुद्ध आहेत. कार्ड काढून एकदा तपासाच.

धाकट्याच्या पाठीतलं पाणी नितळ निघालं. विषाणूची सूज होती, सहा दिवसांनी घरी आलो. आता तो ओट्यावर चढून डबे पाडतो.

एक सांगून थांबते. नवकाराने वाचला की औषधाने, असं मला विचारणाऱ्या आहेत. कामशेतच्या आत पाले गावच्या डोंगरात एक लेणं आहे. तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याची सुरुवात अरिहंतांच्या नमस्काराने होते आणि पुढे लिहिलंय की इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी हे लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, करवून घेतलं. आधी नमस्कार आणि लगेच तहानलेल्याची सोय. मला त्यात माझं उत्तर मिळालं.

म्हणून तापाबरोबर मान ताठ, उजेड सहन न होणं, सारख्या उलट्या, आकडी, न उठणारी गुंगी, तान्ह्या बाळाची टाळू फुगणं, दूध सोडणं किंवा अंगावर दाबूनही फिकट न होणारे लालजांभळे ठिपके, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. नवकार वाटेत म्हणता येतो. आणि डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं, तर बाईंचा भाऊ आठवा.