लॅपटॉप, अतिसडपातळ

मांडीवर किंवा लहान मेजावर ठेवून वापरता येणाऱ्या घडीच्या संगणकाचा एक प्रकार. मिटलेल्या स्थितीत सु. २० मिमी.पेक्षा कमी जाडी आणि सु. १.५ किग्रॅ.पेक्षा कमी वजन ही त्याची लक्षणे सामान्यतः मानली जातात. ही मर्यादा रूढीने ठरली आहे. १९८८ मध्ये सु. ३५ मिमी. जाडीचे यंत्रही ‘अतिहलके’ या नावाने विकले गेले होते. यंत्राची जाडी कमी करावयाची, तर जागा कोठून तरी काढावी लागते : कळांच्या खालून, बॅटरीतून, पंख्यातून, जोडणीच्या खाचांतून किंवा झाकण घट्ट करणाऱ्या स्क्रूंतून. त्यामुळे या प्रकाराचा इतिहास हा बव्हंशी काय गाळावे याविषयीच्या निर्णयांचा इतिहास आहे. हे निर्णय वातानुकूलित कचेऱ्या डोळ्यांपुढे ठेवून घेतले गेले. सोलापूर जिल्ह्यातील वैरागसारख्या (ता. बार्शी) उष्ण व कोरड्या प्रदेशातील बाजारगावी त्यांचे मोल वेगळे ठरते.

हलकेपणाची ओढ संगणकापेक्षा जुनी आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९३५ साली निघालेला ‘हर्मिस बेबी’ हा टंकलेखक सु. ६ सेंमी. उंचीचा होता व तो पेटीत घालून नेता येई. प्रवासी, वार्ताहर व लेखक यांनी अशी यंत्रे आपलीशी केली. कचेऱ्यांतील रोजच्या कामाला मात्र अवजड यंत्रेच राहिली. भारतात गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये टंकलेखक तयार केला, तोही अशाच कामासाठी. हलके यंत्र फिरतीला आणि भक्कम यंत्र बैठ्या कामाला, ही विभागणी पुढे लॅपटॉपच्या बाबतीत विसरली गेली.

घडीच्या लॅपटॉपचा आद्य नमुना म्हणून ‘ग्रिड कंपास’ (१९८२) या यंत्राचा उल्लेख करतात. बिल मॉग्रिज यांनी त्याचा आराखडा केला होता. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आवरण असूनही त्याचे वजन सु. ५ किग्रॅ. होते व किंमत ८,००० डॉलरांहून अधिक होती. १९८८ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीने ‘अल्ट्रालाइट’ हे सु. २ किग्रॅ. वजनाचे यंत्र आणले. हे वजन साधण्यासाठी चकतीचालक यंत्रणाच गाळण्यात आली होती. सोनी कंपनीच्या ‘व्हायो ५०५’ (१९९७) मध्ये जाडी २४ मिमी.पर्यंत उतरली. मित्सुबिशीचे ‘पेडिऑन’ (१९९८) सु. १८ मिमी. जाडीचे होते, परंतु भारी किंमत व यांत्रिक दोष यांमुळे ते लवकरच बाजारातून गेले. सोनीच्या ‘एक्स ५०५’ (२००३) यंत्राची कड अवघी ९.७ मिमी. होती. ही सर्व यंत्रे हौशी व धनिक ग्राहकांपुरतीच राहिली.

सर्वसामान्यांचे लक्ष या प्रकाराकडे वेधले ते ॲपल कंपनीच्या ‘मॅकबुक एअर’मुळे. १५ जानेवारी २००८ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी हे यंत्र कागदी पाकिटातून काढून दाखविले. त्याची जाडी ४ ते १९.४ मिमी. व वजन १.३६ किग्रॅ. होते. त्यासाठी इंटेल कंपनीने सूक्ष्मप्रक्रियकाचे वेष्टन मुद्दाम लहान करून दिले होते. चकतीचालक व जालजोडणीची खाच गाळलेली, यूएसबी खाच एकच आणि बॅटरी आत बंदिस्त, असे त्याचे स्वरूप होते. तत्कालीन टीकाकारांना हे वैगुण्य वाटले. पुढील दशकात तीच रीत झाली. २०१० च्या आवृत्तीत फिरत्या तबकडीऐवजी घन अवस्था साठवण आली. किंमतही उतरली व यंत्र खऱ्या अर्थाने वापरण्याजोगे झाले. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ ही संज्ञा पुढे आणली आणि सु. २० मिमी. जाडी व १,००० डॉलरांच्या आतील किंमत हे उद्दिष्ट इतर उत्पादकांपुढे ठेवले. मग मिलिमीटरांची स्पर्धाच सुरू झाली. एचपी कंपनीने २०१६ मध्ये १०.४ मिमी., तर एसर कंपनीने २०१८ मध्ये ८.९८ मिमी. जाडीचे लॅपटॉप जाहीर केले.

या स्पर्धेची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसली ती कळफलकात. ॲपलच्या १३.१ मिमी. जाडीच्या ‘मॅकबुक’ (२०१५) या यंत्रात कळ दाबली असता ती जेमतेम अर्धा मिमी. खाली जाई, नेहमीच्या लॅपटॉपमध्ये हे अंतर दीड ते अडीच मिमी. असते. फुलपाखराच्या पंखांसारख्या या रचनेत धुळीचा कण शिरला, तरी कळ अडकावी किंवा अक्षर दोनदा उमटावे, असे होऊ लागले. कळफलक वरच्या आवरणाशी जखडलेला असल्याने एका कळेसाठी मोठा भाग बदलावा लागे. कंपनीने जून २०१८ मध्ये विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली, २०१९ च्या अखेरीपासून जुनी कात्रीवजा रचना पुन्हा स्वीकारली व २०२२ मध्ये अमेरिकेतील दाव्यात ५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. अर्ध्या मिलिमीटरच्या हव्यासाची ही किंमत अवाजवी म्हटली पाहिजे.

वैराग हे बार्शी–सोलापूर रस्त्यावरील गाव. या भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते. लॅपटॉपच्या तपशीलपत्रकांत वापराची वरची मर्यादा मात्र बहुधा ३५° से. दिलेली असते. पंखा नसलेल्या यंत्रात उष्णता धातूच्या आवरणातूनच बाहेर पडते. आवरणाभोवतीची हवाच तापलेली असेल, तर प्रक्रियक स्वतःचा वेग कमी करतो व यंत्र मंदावते. याहून गंभीर परिणाम बॅटरीवर होतो. लिथियम-आयन घट उष्णतेत लवकर जीर्ण होतात आणि फुगलेल्या घटाला सडपातळ आवरणात जागा नसल्याने तो कळफलक किंवा स्पर्शफलक वर उचलतो.

धुळीच्या बाबतीत मात्र नियम उलटतो. रब्बी ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत हवेत भुसा व धूळ भरलेली असते. पंखा ती आत ओढतो व हवेचे मार्ग बुजतात. पंखाच नसलेले यंत्र येथे सरस ठरते, मात्र त्याच्या कळा वर वर्णिलेल्या प्रकारच्या असता कामा नयेत. विजेच्या बाबतीतही सडपातळ यंत्राची बाजू बळकट आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. त्या काळात मेजावरचा संगणक इन्व्हर्टरवाचून निरुपयोगी होई, तर पहिल्या ‘एअर’ची बॅटरी कंपनीच्या दाव्यानुसार पाच तास पुरे. २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःचा कमी वीज खाणारा प्रक्रियक वापरून बिनपंख्याचे जे ‘एअर’ आणले, त्यात हा दावा चित्रफीत पाहण्यापुरता १८ तासांवर गेला. त्याची जाडी १६.१ मिमी. होती. उष्णता आणि बॅटरी या दोन्ही अडचणींवरचा खरा उपाय प्रक्रियकाच्या काटकसरीत होता, हे यावरून दिसते.

गाळलेल्या खाचांचा प्रश्न ग्रामीण भागात अधिक जाचतो. आधार क्रमांकाच्या वाटपाला २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे प्रारंभ झाला. नोंदणीच्या संचात लॅपटॉपला बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बुबुळांचा छायाक, चेहऱ्याचा कॅमेरा, नागरिकाला मजकूर दाखविणारा दुसरा पडदा व मुद्रक ही सर्व उपकरणे जोडावी लागत. एकच खाच असलेला लॅपटॉप अशा कामाला घेणे म्हणजे एका बैलावर औत ओढण्यासारखे होय. दाखले देणारी सेवा केंद्रे, निविदा भरणारे कंत्राटदार, कर सल्लागार यांना आजही ठशांचे यंत्र व अंकीय स्वाक्षरीची यूएसबी कळ लागते. जोडपट्टी वापरून हे साधते. परंतु मग वजनात व जाडीत मिळविलेला लाभ पिशवीत वेगळा वाहून न्यावा लागतो. उत्पादकांनाही हे उमगले असावे. ॲपलच्या २०२१ मधील १६ इंची ‘मॅकबुक प्रो’ची जाडी १६.२ वरून १६.८ मिमी. झाली आणि गाळलेल्या काही खाचा परत आल्या.

दुरुस्ती हा सर्वांत मोठा दोष मानावा लागेल. बॅटरी आवरणाला चिकटविलेली व स्मृती मूळ फलकावर डाखलेली असल्याने गावातील कारागिराला यंत्रात हात घालता येत नाही. एरवी तोच कारागीर जुना लॅपटॉप उघडून स्मृती वाढवून देतो, पंखा साफ करतो, बॅटरी बदलतो. बाजारगावी मोठ्या उत्पादकांची सेवा केंद्रे सहसा नसतात. सोलापूर किंवा पुणे गाठावे लागते आणि तेवढे दिवस काम थांबते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यातून दुरुस्तीची माहिती मिळते, पण चिकटविलेली बॅटरी सुटी होत नाही.

दुरुस्तीयोग्यता व सडपातळपणा यांचे वैर अपरिहार्य आहे, हा समज मात्र बरोबर नाही. ‘फ्रेमवर्क’ या अमेरिकन कंपनीचा २०२१ मधील लॅपटॉप १५.८५ मिमी. जाडीचा व १.३ किग्रॅ. वजनाचा आहे. त्याची बॅटरी, स्मृती, साठवण, पडदा, कळफलक, इतकेच नव्हे तर जोडणीच्या खाचाही ग्राहकाला स्वतः बदलता येतात व त्यासाठी लागणारा पेचकस खोक्यातच दिलेला असतो.