वऱ्हाडातील पोलीस प्रशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
चांदूर बाजारसारख्या तालुक्यातील शेतकऱ्याचा शासनाशी संबंध मुख्यतः तलाठी आणि पोलीस शिपाई यांच्यामार्फत येतो. या शिपायास कोणते शिक्षण मिळावे, हा प्रश्न वरवर प्रशासकीय वाटत असला तरी त्याची मुळे इतिहासात आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा मागोवा घेतला आहे.

वासाहतिक वारसा :
१८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असलेला वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांताच्या प्रशासनास जोडण्यात आला. याच काळात अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस आयोगाने (१९०२-०३) सुशिक्षित उपनिरीक्षकांची थेट भरती आणि प्रांतिक प्रशिक्षण शाळा यांची शिफारस केली. तपासाचे काम उपनिरीक्षकाकडे, तर पहारा, गस्त आणि कैद्यांची ने-आण अशी यांत्रिक कामे शिपायाकडे, अशी विभागणी आयोगास अभिप्रेत होती. १९०६ मध्ये मध्यप्रांतात सागर येथे, तर मुंबई इलाख्यात पुण्याजवळ भांबुर्डे येथे पोलीस शाळा सुरू झाली. भांबुर्ड्याची शाळा १९०९ मध्ये नाशिकला हलविण्यात आली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने वऱ्हाडाचे सागरशी असलेले प्रशासकीय नाते संपले. पुढे अधिकाऱ्यांसाठी नाशिकची प्रबोधिनी, तर शिपायांसाठी अकोल्यासारखी प्रशिक्षण केंद्रे अशी व्यवस्था रूढ झाली. प्रांत बदलले, संस्था बदलल्या. परंतु अधिकाऱ्यास कायदा आणि शिपायास कवायत, हा भेद मात्र पूर्णपणे पुसला गेला नाही.

पुनर्विचार :
समाजशास्त्रज्ञ प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस प्रशिक्षण समितीने १९७३ च्या अहवालात पोलिसांच्या वृत्तिपरिवर्तनावर आणि सामाजिक शास्त्रांच्या अध्ययनावर भर दिला. याची निकड विदर्भातच दिसून आली होती. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज येथील पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. मात्र कायदा बदलल्याने ठाण्यातील वर्तन आपोआप बदलत नाही. राष्ट्रीय पोलीस आयोगानेही (१९७७-८१) शिपायास केवळ यांत्रिक कामे देण्याची कल्पना नाकारून त्याच्याकडून विवेक आणि निर्णयक्षमता यांची अपेक्षा व्यक्त केली.

वर्तमान संदर्भ :
१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यानुसार झडती व जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण आवश्यक ठरले असून गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. ठाण्याच्या दारात प्रथम भेटणारा शिपाईच या तरतुदींविषयी अनभिज्ञ असेल, तर त्या कागदावरच राहतील.

निष्कर्ष :
फ्रेझर आयोगाने आखलेली यांत्रिक कामाची चौकट शतकानंतरही प्रशिक्षणाच्या विचारावर सावली धरून आहे. ती मोडावयाची असेल तर कवायतीच्या जोडीला कायदा, मानसशास्त्र, स्थानिक समाजरचना व स्त्री-दलित-आदिवासींचे प्रश्न यांचे अध्यापन शिपायाच्या पातळीवर गांभीर्याने व्हावयास हवे. या कामी वऱ्हाडातील महाविद्यालयीन प्राध्यापकांनी अकोल्याच्या प्रशिक्षण केंद्राशी नाते जोडल्यास ते गोरे समितीच्या विचारास साजेसेच ठरेल. देसाईगंज प्रकरणी अध्यापकांनी निकालानंतर आवाज उठविला होता. प्रशिक्षणाच्या वर्गात ते काम अन्याय घडण्यापूर्वी करता येते.